टाकीचा हिशेब



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास किंवा अर्थकारण यांवर बोलण्याची आपल्याकडे रीत आहे. कारखान्यातल्या दुधट पाण्यावर तासभर बोलायचे म्हटले तर काही कपाळांवर आठ्या पडतील, हे मी धरूनच चाललो आहे. पण भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, गोकुळ शिरगाव अशा कोणत्याही औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या गाळ्यात डोकावून पाहा. लेथवर किंवा व्हीएमसी या संगणकनियंत्रित मिलिंग यंत्रावर सर्वांत आधी नजरेत भरते ती ही दुधट धार. कारखान्यात तिला कूलंट म्हणतात, जुने कारागीर सोल्युबल ऑइल म्हणतात. पाण्यात साधारण 5 टक्के तेल आणि ते पाण्यात मिसळून राहावे म्हणून साबणासारखी द्रव्ये, एवढाच तिचा मूळ घाट. ही धार कापणाऱ्या टूलवर आणि कापल्या जाणाऱ्या जॉबवर पडते, धातूच्या चिप्स वाहून नेते, मशीनखालच्या टाकीत जाते आणि पंपाने पुन्हा वर येते. दिवसभर, पाळीमागून पाळी. गेली तीसेक वर्षे जगातले काही अभियंते म्हणत आहेत की बहुतेक कामांना ही धार लागतच नाही. ताशी काही चमचे तेल हवेच्या झोतातून नेमक्या जागी पोचवले तर काम भागते. त्यांचे म्हणणे मला पटते. मात्र ते ज्या कारणासाठी सहसा सांगितले जाते त्या कारणासाठी नव्हे. थेंब वाचतात हा या पद्धतीचा खरा लाभ नाही. खरा लाभ हा की मशीनखालची टाकी जाते. आजचा माझा सगळा युक्तिवाद या एका टाकीभोवती आहे.

टाकी आली कुठून, हे आधी पाहू. फ्रेडरिक टेलर हे नाव व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असते, पण घड्याळ लावून मजुरांचे काम मोजणारा टेलर त्याआधी धातू कापण्याचे प्रयोग करत होता, हे फारसे सांगितले जात नाही. 1880 च्या दशकात फिलाडेल्फियातील मिडव्हेल पोलाद कारखान्यात त्याने पाहिले की कापणीच्या जागी पाण्याची जाड धार सोडली तर टूल तेवढेच टिकवून कापण्याचा वेग सुमारे 40 टक्के वाढवता येतो. 1906 साली अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडलेल्या धातू कापण्याच्या कलेवरील प्रबंधात त्याने हे सविस्तर नोंदवले. 1884 मध्ये मिडव्हेलमध्ये जे नवे मशीन शॉप उभे राहिले, त्यात प्रत्येक मशीनखाली लोखंडी तबक होते. तबकातले पाणी जमिनीखालच्या नळांतून एका विहिरीत जाई, तिथून पंपाने डोक्यावरच्या टाकीत चढे आणि पुन्हा मशीनवर उतरे. गंज चढू नये म्हणून त्या पाण्यात धुण्याचा सोडा मिसळलेला असे. आजच्या मशीनखालच्या टाकीची सगळी वंशावळ त्या विहिरीपर्यंत जाते. आणि टेलरचा निर्णय त्याच्या काळी शंभर टक्के बरोबर होता. त्याच्या हातातले टूल साध्या कार्बन पोलादाचे होते, आणि असे पोलाद दोन-अडीचशे अंश सेल्सियसला मऊ पडू लागते. टूल वाचवायचे तर ते गारच ठेवले पाहिजे होते.

पुढे टूल बदलले. खुद्द टेलर आणि त्याचा सहकारी व्हाइट यांच्या हाय स्पीड स्टीलने 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांना थक्क केले. ते सहाशे अंशांच्या आसपासही धार धरून राहत होते. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत क्रुप कंपनीने टंगस्टन कार्बाइडचे टूल बाजारात आणले. त्यानंतर कार्बाइडवर टायटेनियमच्या संयुगांचे आणि ॲल्युमिनाचे काही मायक्रॉन जाडीचे लेप आले. आज कुठल्याही गाळ्यात डबीतून काढून लावली जाते ती टिप आठशे-हजार अंशांना सहज तोंड देते. म्हणजे ज्या दुबळेपणासाठी पाण्याची धार सुरू झाली तो दुबळेपणा बव्हंशी संपला. धार मात्र चालूच राहिली, उलट जास्त जोराने. एवढेच नव्हे, तर काही कामांत ती टूलची वैरी ठरली. मिलिंगमध्ये कटरचा प्रत्येक दात फेरीचा काही भाग धातूत असतो आणि उरलेला भाग बाहेर. आत गेला की तापतो, बाहेर आला की थंड धारेखाली विझतो. मिनिटाला शेकडो वेळा तापणे आणि विझणे. कार्बाइड कठीण असते तसेच ठिसूळही. या झटक्यांनी त्याच्या धारेला काटकोनात बारीक तडे जातात, कंगव्याच्या दातांसारखे. म्हणून पोलादाचे मिलिंग कार्बाइडने कोरडेच करावे, असे टूल बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच्या पुस्तिकांत सांगतात. त्या पुस्तिका मालाबरोबर येतात आणि खोक्याबरोबरच जातात.

दुसरी गोष्ट धार जिथे पोचायला हवी त्या जागेची. धातू कापताना खर्च होणारी जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णतेत बदलते. त्यातला मोठा भाग धातू दुमडून चिप होते तिथे निर्माण होतो, आणि दुसरा चिप टूलच्या अंगावरून घासत जाते तिथे. या दुसऱ्या जागी चिप आणि टूल यांच्यात इतका प्रचंड दाब असतो की वरून ओतलेले पाणी आत शिरत नाही. ते चिपच्या पाठीवरून वाहून जाते. वेग वाढवला की तापलेल्या पृष्ठभागावर वाफेचा पडदा तयार होतो आणि उरलीसुरली वाटही बंद होते. तव्यावर पाण्याचा थेंब कसा नाचतो, पण तव्याला चिकटत नाही, तसे. म्हणजे धार गारवा देते तो मुख्यतः जॉबला, चिप्सना आणि मशीनला. घर्षणाच्या जागी तिची पोच तोकडी. याउलट तेलाचे अगदी बारीक कण हवेबरोबर वेगाने त्या फटीच्या तोंडाशी नेले, तर थोडे का होईना ते आत शिरतात, धातूवर पातळ थर धरतात आणि घर्षण कमी करतात. उष्णता निर्माण झाल्यावर ती विझवत बसण्यापेक्षा निर्माण होतानाच थोडी कमी करायची, असे हे गणित आहे.

या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून एमक्यूएल म्हणतात. जर्मनांनी तिला किमान मात्रेचे वंगण अशा अर्थाचे नाव दिले आणि तिच्या संज्ञांचे प्रमाणीकरणही केले. तेलाची मात्रा बहुधा ताशी 10 ते 100 मिलिलिटर. तेल खनिज नसते. वनस्पतिजन्य किंवा संश्लेषित एस्टर अथवा मेदाम्ल कुळातले अल्कोहोल वापरतात, कारण ते धातूला चांगले धरते आणि लवकर पेट घेत नाही. साध्या रचनेत ते बाहेरच्या नॉझलमधून येते. चांगल्या रचनेत स्पिंडलमधून, टूलच्या पोटातल्या छिद्रांतून थेट धारेपाशी. आणि हे केवळ जर्मन कौतुक नाही. आयआयटी मद्रासमधील वरदराजन, फिलिप आणि राममूर्ती यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात कठीण केलेल्या 4340 पोलादाचे टर्निंग तीन प्रकारे करून पाहिले: कोरडे, नेहमीच्या धारेखाली आणि मिनिटाला केवळ 2 मिलिलिटर द्रव उच्च दाबाच्या स्पंदनांनी फवारून. टूलचे आयुष्य, कापण्याचे बल, तापमान आणि पृष्ठभागाची सफाई या सर्व कसोट्यांवर तिसरा प्रकार सरस ठरला. ढाक्याच्या अभियांत्रिकी विद्यापीठात धर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये त्याच जातीच्या पोलादावर केलेल्या कामातही कोरड्या कापणीपेक्षा टूलची झीज कमी आणि सफाई चांगली मिळाली. आपल्या उपखंडातल्या प्रयोगशाळांत, आपल्याकडे मिळणाऱ्या मशीनवर हे सिद्ध झालेले आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

इथपर्यंत आले की महाराष्ट्रातल्या श्रोत्याला ठिबक सिंचन आठवते. उसाला पाटाने पाणी सोडायचे की मुळाशी थेंब द्यायचा, तसेच हे. उपमा गोड आहे आणि प्रचारासाठी उपयोगीही, पण ती फसवी आहे, आणि या विषयातली बहुतेक अतिशयोक्ती तिच्यातूनच जन्मते. पाटाने दिलेले पाणी एकदा गेले की गेले. कूलंट मात्र फिरून परत येते. मिनिटाला 10 लिटर धार म्हणजे ताशी 600 लिटर. त्यापुढे ताशी 20 मिलिलिटर ठेवले की तीस हजारपट बचत असा आकडा निघतो, आणि तो जाहिरातीत झळकतो. तो खोटा नाही, पण निरर्थक आहे. हिशेब प्रवाहाचा करायचा नसतो, जे परत येत नाही त्याचा करायचा असतो. उदाहरणादाखल एक मशीन घेऊ. टाकी 200 लिटरची, मिश्रण 5 टक्क्यांचे, वर्षाला 300 दिवस दोन पाळ्या. बाष्पीभवनाने आणि चिप्सबरोबर जाऊन रोज 15 लिटर कमी होते असे धरा, आणि ते 2 टक्क्यांच्या पातळ मिश्रणाने भरून काढले जाते असे धरा. वर्षाला टाकी चार वेळा पूर्ण रिकामी करून नव्याने भरली. तर वर्षाचे मूळ तेल लागते 130 लिटर: 90 रोजच्या भरण्याला आणि 40 चार वेळच्या टाकीला. आता ताशी 20 मिलिलिटरने सोळा तास, 300 दिवस चालवा. होतात 96 लिटर. फवारा फक्त कापतानाच चालू ठेवला तर त्याच्या निम्मे. म्हणजे तीस हजारपट कुठे आणि दीडपट-तिप्पट कुठे! शिवाय एस्टरचे तेल साध्या सोल्युबल तेलाच्या कैकपट महाग. तेल वाचवून पैसे वाचतील या आशेने कोणी या वाटेला जाणार असेल तर त्याने जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. पण त्याच हिशेबाच्या दुसऱ्या दोन ओळी वाचा. पहिल्या मशीनने वर्षाला पाच हजार लिटरहून अधिक पाणी घेतले, दुसऱ्याने शून्य. पहिल्याने 800 लिटर घाण द्रव बाहेर टाकला, दुसऱ्याने शून्य.

हा 800 लिटर द्रव घाण का होतो, हे कळल्याशिवाय टाकीचे खरे रूप कळत नाही. नवे कूलंट किंचित अल्कधर्मी असते आणि कामाला चांगले असते. पण ते टाकीत पडले की त्याला वय लागते. मशीनच्या सरकपट्ट्यांचे आणि हायड्रॉलिकचे तेल झिरपून त्यात मिसळते व वर तवंग धरते. बोअरवेलचे जड पाणी वापरले तर त्यातले कॅल्शियम साबणाला फाडते आणि तेल वेगळे होऊ लागते. धातूची बारीक भुकटी तळाशी गाळ होऊन बसते. कोमट पाणी, तेलाचे खाद्य, बसायला गाळ. जिवाणूंना आणखी काय हवे? पुणे परिसरातल्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. पंप बंद, हवा खेळत नाही, वर तवंगाचे झाकण. शुक्रवारी सकाळी पंप सुरू करताच कुजक्या अंड्यांचा जो वास शेडभर पसरतो, तो प्राणवायूविना वाढणाऱ्या जिवाणूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. मग त्यावर उतारा म्हणून जंतुनाशक घालतात. बरीचशी जंतुनाशके फॉर्मल्डिहाइड सोडणाऱ्या जातीची असतात आणि कामगाराच्या हाताला ती सोसत नाहीत. कोपरापर्यंत लाल चट्टे, भेगा, खाज हे मशीनवर काम करणाऱ्यांचे जुने दुखणे आहे आणि आपल्याकडे त्याला दुखणे म्हणायचीही पद्धत नाही. फुप्फुसांचे दुखणे त्याहून गंभीर. बर्मिंगहॅममधल्या लाँगब्रिज येथील एका मोटार इंजिन कारखान्यात 2003-04 च्या सुमारास ऐंशीहून अधिक कामगारांना श्वसनाचे व्यवसायजन्य विकार जडल्याचे निघाले. बहुतेकांना दमा, काहींना फुप्फुसांचा ॲलर्जीजन्य दाह. संशय गेला तो दूषित कूलंटच्या तुषारांवर. ताजे तेल एकदाच वापरून संपवले तर त्याला कुजायला वेळच मिळत नाही. किमान मात्रेच्या पद्धतीचे आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोठे बळ हेच आहे.

आता तो द्रव बाहेर कुठे जातो ते पाहू. वापरून झालेल्या कूलंटमध्ये तेल सुटे नसते. पाण्यात इतके बारीक मिसळलेले असते की नुसते ठेवून ते वर येत नाही. आम्ल किंवा तुरटीसारखे क्षार घालून ते आधी फोडावे लागते. उदाहरणातल्या मशीनच्या 800 लिटरांत नुसते मूळचे 40 लिटर तेल धरले, म्हणजे साधारण 36 किलो, आणि तेल-ग्रीजची 10 मिलिग्रॅम प्रतिलिटर ही सांडपाण्याची मर्यादा घेतली, तर ते तेल त्या मर्यादेपर्यंत विरळ करायला 36 लाख लिटर स्वच्छ पाणी लागेल. एका मशीनचे, एका वर्षाचे. 2016 च्या घातक कचरा नियमांखाली असे तेलमिश्रित अवशेष अधिकृत केंद्रांकडे पाठवायचे असतात. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. मोठे कारखाने पाठवतातही. पण चार मशीनच्या गाळ्यातून वर्षाला निघणारे दोन-तीन हजार लिटर टँकरने पाठवणे किती जणांना जमते, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. इंद्रायणीवर येणाऱ्या फेसाचे खापर मी कूलंटवर फोडणार नाही. त्यात घरगुती सांडपाण्याचा वाटा मोठा आहे, आणि सोयीचा आरोपी शोधणे हे अभ्यासकाचे काम नव्हे. पण लहान गाळ्यांच्या दप्तरात बॅरल आल्याची नोंद असते आणि टाकी रिकामी झाल्याची नसते, हे उघड गुपित आहे.

माझ्या युक्तिवादाचा कणा या न लिहिलेल्या नोंदीत आहे. 1997 साली क्लोके आणि आयझेनब्लेटर या जर्मन संशोधकांनी कोरड्या कापणीवरील लेखात दिलेले आकडे या विषयात वारंवार उद्धृत होतात: जर्मन मोटार उद्योगात जॉबच्या एकूण खर्चापैकी 7 ते 17 टक्के कूलंटच्या खात्यावर पडत होते, आणि टूलच्या खात्यावर केवळ 2 ते 4 टक्के. आपल्याकडचा कारखानदार हे ऐकून हसतो. त्याच्या वहीत कूलंटचा खर्च एक-दीड टक्क्याच्या वर दिसत नाही, उलट टूलचा खर्च डोळ्यांत भरतो. दोघेही प्रामाणिक आहेत. फरक इतकाच, की जर्मन आकड्यात पंप, गाळणी, टाकीची देखभाल, तपासणी, जॉब आणि चिप्स धुणे-सुकवणे आणि शेवटची विल्हेवाट हे सगळे धरलेले आहे. आपल्या वहीत फक्त बॅरलची किंमत. पंपाची वीज एकूण वीजबिलात मिसळते. हाताच्या चट्ट्यांचा खर्च कामगार सोसतो. ओल्या चिप्सना भंगारवाला कमी भाव देतो, तो ‘बाजारभाव’ म्हणून खपतो. आणि विल्हेवाटीचा खर्च नदी उचलते. किमान मात्रेची पद्धत आपल्याकडे महाग दिसते ती या कारणाने: तिचा सगळा खर्च दर्शनी आहे, आणि जुन्या पद्धतीचा बराचसा खर्च दुसऱ्यांच्या वहीत आहे. फोर्ड कंपनीने आपल्या ट्रान्समिशन आणि इंजिन कारखान्यांत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर लावली आणि एका सर्वसाधारण उत्पादन-रांगेमागे वर्षाला दहा लाख लिटरहून अधिक पाणी वाचते असे जाहीर केले. फोर्डने हे निसर्गप्रेमापोटी केले, असे मानण्याइतका मी भाबडा नाही. मध्यवर्ती टाकी, जमिनीखालचे पाट, शुद्धीकरणाचा संच हा सगळा खर्च ज्याच्या एकाच वहीत येतो, त्याला तो आकडा दिसतो आणि त्याला टाकी नकोशी होते.

आता आक्षेपांकडे येतो, आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप मापाचा. धार जॉबला थंड ठेवते. ती काढली की जॉब तापतो, फुगतो, आणि गरम असताना बरोबर आलेले माप गार झाल्यावर चुकते. शंभर मिलिमीटर व्यासाचे ॲल्युमिनियमचे छिद्र दहा अंशांनी तापले तर सुमारे 23 मायक्रॉनने मोठे होते. बेअरिंगसाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या एच-सात दर्जात त्या मापाला मोकळीकच असते 35 मायक्रॉनची. पोलादाचे फुगणे याच्या निम्मे, पण तेही दुर्लक्ष करण्याजोगे नाही. या आक्षेपाला उत्तर आहे, पण ते फुकटचे नाही. दुधट धार चार कामे करते: गारवा, वंगण, चिप्स वाहून नेणे आणि गंजापासून रक्षण. किमान तेल त्यांपैकी वंगण उत्तम करते, बाकीची तीन जेमतेम किंवा मुळीच नाही. ती कामे दुसऱ्या कोणीतरी उचलली पाहिजेत. वेगवान कापणीत बहुतांश उष्णता चिपबरोबर निघते, तेव्हा चिप जॉबवर किंवा मशीनच्या अंगावर पडून राहता कामा नये. त्यासाठी मशीनचे आतले पत्रे उभ्या उताराचे हवेत. आधी सगळे रफ काम, मग जॉब निवल्यावर फिनिश, असा क्रम लावावा लागतो. जुन्या मशीनवर हजारो रुपयांचे नॉझल लावून, बाकी काहीही न बदलता, ‘आम्ही करून पाहिले, जमले नाही’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे जमले नाही हे खरेच आहे. बैल काढून ट्रॅक्टर जुंपायचा तर जूही बदलावे लागते.

दुसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. तेलाचे बारीक कण हवेत उडवणे हीच जर पद्धत असेल, तर कामगाराच्या छातीत काय जाणार? अमेरिकेच्या ‘नायॉश’ या व्यवसाय-आरोग्य संस्थेने 1998 मध्ये अशा तुषारांसाठी प्रतिघनमीटर 0.5 मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. तिथल्या कायद्यात खनिज तेलाच्या तुषारांना दिलेली मर्यादा याच्या दहापट सैल आहे, हेही नोंदवतो. आता ताशी 20 मिलिलिटर तेल म्हणजे साधारण 18 ग्रॅम. ते सगळेच्या सगळे हवेत उडाले असे क्षणभर धरा. सुचवलेल्या मर्यादेपर्यंत ते विरळ करायला तासाला 36 हजार घनमीटर हवा लागेल. दहा मीटर लांब, दहा रुंद, पाच उंच अशा बहात्तर शेडची हवा. प्रत्यक्षात बरेचसे तेल चिप्सवर आणि जॉबवर राहते, पण या आकड्यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते: बंद दाराचे मशीन आणि शोषणाचा पंखा नसेल तर किमान मात्रेची पद्धत लावू नये. उघड्या लेथवर, कामगाराच्या नाकापासून हातभर अंतरावर फवारा मारून त्याला शाश्वत उत्पादन म्हणणे ही फसवणूक आहे. धारेचेही तुषार उडतात आणि त्यात जिवाणूंचे अवशेषही असतात, हे खरे. पण समोरच्याच्या दोषाने आपला दोष धुऊन निघत नाही.

तिसरा आक्षेप विजेचा: पंप वाचला तरी दाबाची हवा फुकट मिळत नाही. बरोबर. कॉम्प्रेसरला मिनिटाला एक घनमीटर हवेमागे सहा-सात किलोवॉट लागतात, आणि आपल्याकडची हवेची गळती हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. पण फवाऱ्याला मिनिटाला शंभरेक लिटर हवा पुरते, म्हणजे सहा-सातशे वॉट. शोषणाचा पंखा धरूनही उच्च दाबाच्या कूलंट पंपापेक्षा ते कमीच भरते. एमआयटीतील गुटोवस्की आणि सहकाऱ्यांनी मोटारनिर्मितीतल्या एका मशिनिंग रांगेच्या आकड्यांवरून दाखवले होते की प्रत्यक्ष धातू कापायला एकूण विजेच्या जास्तीत जास्त 15 टक्के लागते. उरलेली वीज मशीन जागे ठेवायला आणि कूलंट, हायड्रॉलिक यांसारख्या परिवाराला. परिवार लहान झाला तर वीज वाचणारच.

काही कामांना ही पद्धत लागू नाही, आणि ते कबूल केल्याने युक्तिवाद दुबळा होत नाही. टायटेनियम आणि निकेलच्या मिश्रधातूंत उष्णता चिपबरोबर निघून जात नाही, टूलच्या टोकाशीच साठते. विमानाच्या भागांना धार, किंवा अतिशीत नायट्रोजनसारखे उपाय, लागतच राहतील. ग्राइंडिंगमध्ये जॉब जळण्याचा धोका मोठा. ॲल्युमिनियम अगदी कोरडे कापले तर टूलला चिकटते. पण तिथे थोडेसे तेल फार उपकारक ठरते, आणि किमान मात्रेच्या पद्धतीचे सर्वांत मोठे यश ॲल्युमिनियमच्या भागांतच आहे. ओतीव लोखंड हे कोल्हापूरचे भूषण. त्यातले ग्राफाइट स्वतःच वंगणाचे काम करते आणि चिप आपोआप तुटते, म्हणून ते पूर्वापार कोरडे कापले जाई. आज तिथेही धार दिसते ती गारव्यासाठी नव्हे, काळी धूळ दाबण्यासाठी. धूळ हवेने शोषून घ्यायची की पाण्यात बुडवून टाकीत साठवायची, हा तिथला खरा प्रश्न आहे, आणि फाउंड्रीच्या पट्ट्यात याचे उत्तर शोषणाच्या बाजूने द्यायला कोणतीही प्रयोगशाळा लागत नाही. कोरड्या चिप्स शेजारच्याच भट्टीत परत जाऊ शकतात. ओल्या चिप्स वितळलेल्या धातूत टाकणे म्हणजे वाफेच्या स्फोटाला आमंत्रण.

उरतो तो प्रश्न निर्णय कोणाचा, हा. लहान कारखानदाराला दोष देणे सोपे आहे, पण त्याच्या हातात फारसे नसते. मोठ्या वाहन कंपनीचा भाग तो बनवतो तेव्हा कोणते मशीन, कोणते टूल, किती वेग, कोणते कूलंट हे सारे मंजूर झालेल्या प्रक्रियेच्या कागदावर गोठलेले असते. त्यातला एक रकाना बदलायचा तर नमुने, मापे, मंजुऱ्या यांची फेरी पुन्हा. तिचा खर्च त्याचा, आणि भाग बिघडला तर दंडही त्याचाच. उलट बदल जमला तर पुढच्या वर्षी ग्राहक दर कमी करून घेतो. असे असताना तो दुधट धारेला चिकटून राहतो यात त्याचा अडाणीपणा नाही, चोख व्यवहारज्ञान आहे. चालू भागांची प्रक्रिया बदला असे म्हणूनच मी म्हणत नाही. जिथे टाकी राहणार आहे तिथे ती नीट राखा: तवंग काढा, रिफ्रॅक्टोमीटरने रोज मिश्रण तपासा, जड पाणी वापरू नका, टाकीचे आयुष्य दुप्पट झाले तरी 800 चे 400 लिटर होतात. आणि वाहन कंपन्यांच्या प्रक्रिया-नियोजन विभागांत बसणाऱ्या अभियंत्यांना, ज्यांपैकी काही जण आज समोर आहेत, माझी एक विनंती आहे. पुढच्या नव्या भागाचा कागद तयार कराल तेव्हा कूलंटच्या रकान्यात जुन्या कागदावरचे नाव सवयीने उतरवू नका. त्या रकान्यापुढे आणखी एक रकाना आखा, वर्षाला किती लिटर द्रव बाहेर पडेल आणि तो कोण, कुठे, किती पैशांत नेईल याचा. आणि तो भरल्याशिवाय कागदावर सही करू नका.